पाटी दात्याची, बाळंतपण कुणाचे?

जानेवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात परळच्या वाडिया रुग्णालयाच्या थकलेल्या अनुदानाची सुनावणी चालू होती. बाळंतिणींचे आणि लहान मुलांचे हे रुग्णालय पैशाअभावी बंद पडायला आले होते. कर्मचारी आणि पालक रस्त्यावर उतरले होते. त्याच आठवड्यात राज्य मंत्रिमंडळाने इंदू मिलमधल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याची उंची २५० फुटांवरून ३५० फूट करण्याचा निर्णय घेतला. न्यायालयाने सरकारला जे सुनावले त्याचा आशय असा होता की, पुतळे उंच करायला पैसा आहे, पण बाबासाहेब ज्यांच्यासाठी आयुष्यभर लढले त्या माणसांच्या आरोग्यासाठी नाही. ती मेली तरी चालतील.

आपल्यातल्या अनेकांना त्या वेळी राग आला. इतरांचे पुतळे उभे राहतात तेव्हा कुणाला दवाखाने का आठवत नाहीत, हा प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न चुकीचा नव्हता आणि आजही नाही. पण त्याच दिवसांत बाळासाहेब आंबेडकरांनी स्मारकाचा निधी वाडिया रुग्णालयाला द्या, असे जाहीरपणे सांगितले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पुढे सरकारने काही रक्कम दिली, बातम्या थांबल्या, विषय मिटला.

मला मात्र त्यातला वेगळाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एका धनाढ्य घराण्याने दान देऊन उभे केलेले रुग्णालय सरकारी अनुदान थकले म्हणून बंद कसे पडते? दान दिले कुणी, चालवले कुणाच्या पैशाने आणि बाळंत होत होत्या त्या कोण? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधायला गेलो की आपण थेट बाबासाहेबांच्या घराजवळ जाऊन पोचतो.

नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ साली सुरू झाले. बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय १९२९ चे. नेस आणि कुस्रो वाडिया या गिरणीमालक भावांनी वडिलांच्या आणि आईच्या नावाने ती उभी केली. जागा परळची, म्हणजे गिरणगावाच्या मधोमध. शेजारचे केईएम रुग्णालयही १९२६ चेच. एका दशकात परळला मुंबईच्या वैद्यकीय नकाशावर मोठी जागा मिळाली.

हे सगळे परळमध्येच का झाले, हे त्या काळचे आकडे सांगतात. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६०० हून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. अनेक बायका बाळंतपणाला कोकणात किंवा देशावर जात, जन्माची नोंद तिकडे होई आणि मूल इथे दगावले की मृत्यूची नोंद मुंबईत. पुष्कळ जन्म नोंदलेच जात नसत. पण हे सगळे वजा केले तरी चाळीच्या एका खोलीत जन्मलेल्या मुलाची जगण्याची शक्यता बंगल्यातल्या मुलापेक्षा फारच कमी होती, यात शंका राहत नाही. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी सरकारसाठी गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची पाहणी केली. कामगार बायकांच्या १०० पैकी ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. आई दहा तास साच्यावर. मूल रडू नये, झोपून राहावे म्हणून अफूची गोळी. आपल्या पणज्या काही राक्षसिणी नव्हत्या. कामावर गेले नाही तर पगार नाही आणि बाळंतपणाची रजा म्हणजे नोकरी गेली, असा तो हिशोब होता.

याच परळमध्ये, बीआयटी चाळीत, बाबासाहेब आणि रमाई राहत होते. पाच मुलांपैकी चार त्यांनी गमावली. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. रमाईवर आपण गाणी म्हणतो, तिच्या त्यागाची भाषणे करतो. पण ती त्या हजारांतली एक आई होती आणि तिची मुले त्या आकड्यांच्या काळातली मुले होती, असे आपण क्वचितच म्हणतो. दुःखाला त्यागाचे नाव दिले की त्यामागची खोली, पाणी, पगार आणि दवाखाना दिसेनासा होतो.

आता दानाकडे येऊ. वाडियांचे दान खोटे होते, असे मी म्हणणार नाही. गेली जवळजवळ शंभर वर्षे लाखो बायका तिथे बाळंत झाल्या, त्यांत आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी. पारशी दानाला नावे ठेवून आपल्या हाती काही लागणार नाही. पण दान आले कुठून, हे विचारायला हरकत नसावी. ते गिरण्यांतून आले. त्या गिरण्यांत बायका वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत राबत होत्या. अस्पृश्य पुरुषांना जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकरांना विटाळ होई. ही भेदाची भिंत गिरणीमालकांनी मोडली नाही, लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनीही नाही. बाबासाहेबांना १९२८ च्या संपात तो प्रश्न मांडावा लागला. म्हणजे ज्या पगारातून घरात दूध आले असते, तो पगार जातीने कापला. आणि मालकाच्या शिल्लक नफ्यातून काही भाग दान म्हणून परत आला, तेव्हा इमारतीवर नाव मालकाच्या आईवडिलांचे लागले.

ही पद्धत वाडियांपासून सुरू झाली असेही नाही. तिचा नमुना चाळीस वर्षे आधीचा आहे. १८८२ च्या सुमारास मुंबईत जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणण्याकरिता निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी मोठी देणगी दिली. १८८३ साली पायाभरणी झाली, १८८६ साली कामा हॉस्पिटल उघडले. इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची आल्या. देणगीदारांची अट होती की रुग्णालय फक्त स्त्रिया आणि मुलांसाठी असेल आणि ते स्त्री डॉक्टर चालवतील. सरकारने ती मान्य केली. चालवण्याची जबाबदारी सरकारवर आली. इमारत दात्याची, पाटी दात्याची, पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे पगार, औषधे, चादरी आणि वीज जनतेच्या करातून. या ‘दाना’चा हिशोब एकदा नीट लावला तर मोठा दाता कोण हे कळते.

तरीही कामा हॉस्पिटलचा एक धागा मला फार मोलाचा वाटतो. सुतार समाजातली रखमाबाई, जिने बालविवाहाने लादलेला नवरा नाकारला आणि न्यायालयात तुरुंगाची तयारी दाखवली, ती लोकांनी जमवलेल्या मदतीवर लंडनला जाऊन डॉक्टर झाली. १८९४ साली परत आल्यावर काही काळ ती कामामध्ये होती, मग सुरत आणि राजकोटला आयुष्यभर बायकांची बाळंतपणे केली. टिळकांसारख्यांनी तिच्यावर जे आग पाखडणारे लेख लिहिले ते एकीकडे ठेवा आणि तिच्या हातून जन्मलेली मुले दुसरीकडे ठेवा.

अटींच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दाते अटी घालत होते आणि त्या पाळल्याही जात होत्या. कामांच्या देणगीने स्त्री डॉक्टरांची अट घातली. केईएमला जोडलेल्या गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजच्या विश्वस्तांनी अट घातली की प्राध्यापक भारतीयच असतील. गोऱ्यांच्या मक्तेदारीला तो उघड धक्का होता. पारशांनी पारशी बायकांसाठी वेगळे प्रसूतिगृह काढले. म्हणजे दानातून लिंगाचा प्रश्न सुटू शकत होता, वंशाचा सुटू शकत होता, स्वतःच्या समाजाचा सुटू शकत होता. अस्पृश्य बाईला समान वॉर्ड, समान ताट, समान स्पर्श मिळेल अशी अट घातलेला मोठा दाता मात्र माझ्या वाचनात आलेला नाही. ज्याला विटाळ सोसावा लागत नाही त्याला तो दिसत नाही, दुसरे काय.

१८८५ साली व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिने स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी देशभर निधी उभारला. राजे-महाराजे, जमीनदार, व्यापारी यांनी हात सैल सोडले. त्या निधीची सारी काळजी पडद्याची होती. पडद्यातल्या बाईला पुरुष डॉक्टर चालत नाही, म्हणून झनाना दवाखाने. शेतात निंदणारी, खाणीत टोपल्या वाहणारी, गिरणीत उभी राहणारी बाई पडद्यात नव्हती. ती या चित्रातही नव्हती. ती आली ती एकाच रूपात, ‘घाणेरडी सुईण’ म्हणून. आपल्याकडे सुईणपण बहुतेक ठिकाणी मांगिणीकडे असे. बाळंतपण अपवित्र, रक्त अपवित्र, वार अपवित्र, म्हणून ते काम अस्पृश्य बाईचे. नाळ तिने कापायची आणि तिला पुढच्या दारातून आत यायची बंदी. त्या काळचे अहवाल बाळंतिणींच्या मृत्यूचा दोष सुईणीच्या अज्ञानावर टाकतात. तिच्या अंगी अस्वच्छता होती हे खोटे नाही. पण तिला पाणवठ्यावर पाणी भरू न देणारे गाव तिच्या हाताच्या स्वच्छतेबद्दल तक्रार करते, हे त्या अहवालांत लिहिलेले नसते.

पाण्यावरून आठवले. ४ ऑगस्ट १९२३ चा सी. के. बोले यांचा ठराव चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याच्याच आधारावर महाडचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्यातच पुढे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने हेही शब्द आहेत. तळे आपण लक्षात ठेवले, दवाखाना विसरलो. विधिमंडळाला ठराव करावा लागतो याचाच अर्थ दवाखान्याचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. आणि ठरावाची मर्यादाही पाहा. तो सरकारच्या ताब्यातल्या आणि सार्वजनिक पैशावरच्या जागांपुरता होता. खाजगी दानातून चाललेली जागा त्याच्या बाहेर. दान आणि हक्क यांतला फरक इथे कायद्याच्या भाषेत उघड होतो. सार्वजनिक पैसा असेल तर तुम्ही दार ठोठावू शकता, दान असेल तर दारावर उभे राहून विनंती करायची.

दार उघडेल, डॉक्टर असेल, फी द्यायलाही पैसे असतील, तरी काय होते याचा एक दाखला बाबासाहेबांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते डिसेंबर १९२९ मध्ये गांधींच्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. श्वास लागला. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही. गावातल्या प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीने तो यायला तयार झाला, पण वस्तीबाहेर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या बाळासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने शिक्षकाच्या, शिक्षकाने बायकोच्या. परतही तसाच. न्यूमोनिया असल्याचे सांगून डॉक्टर निघून गेला. पुन्हा बोलावले तर आला नाही. ती बाई गेली.

ही गोष्ट वाचताना मला प्रत्येक वेळी त्या थर्मामीटरचा प्रवास दिसतो. तिथे पैशाची कमतरता नव्हती. फी दिली होती. कुठल्याही दानशूराचा निधी त्या तीन हातांमधले अंतर कमी करू शकला नसता. म्हणून गरिबी आणि जात हे दोन प्रश्न एकमेकांत कालवून ‘गरिबांसाठी दान’ असे जे म्हटले जाते, त्यात आपला प्रश्न अर्धाच बसतो. संविधानाने अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता रद्द केली. त्यानंतर १९५५ च्या कायद्यात, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, कलम ५ खास रुग्णालये आणि दवाखाने यांच्याबद्दल घालावे लागले. सर्वसामान्य जनतेसाठी चालवलेल्या रुग्णालयात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे किंवा आत भेद करणे हा गुन्हा ठरला. इथे पैसा कुणी दिला हे विचारलेले नाही. बोले ठरावात जी फट राहिली होती ती बत्तीस वर्षांनी बुजवली गेली.

आता २८ जुलै १९२८. मुंबई विधिमंडळात आसवले यांनी मांडलेल्या प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा चालू होती. गिरणगावात सार्वत्रिक संप सुरू होऊन तीन महिने झाले होते, साचे बंद होते, चुली थंड होत्या. त्याआधी ना. म. जोशींनी केंद्रीय कायदेमंडळात असेच विधेयक आणले होते आणि ते फेटाळले गेले होते. बाबासाहेब बोलायला उभे राहिले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा : बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भाग खरे तर सरकारने उचलायला हवा, कारण लोकांचे कल्याण ही सरकारची जबाबदारी आहे. पण मालकही सुटू शकत नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात त्याला पुरुषापेक्षा जास्त फायदा दिसतो म्हणूनच तो तिला ठेवतो. ज्या कामातून तो नफा काढतो त्याची किंमत त्याने काही प्रमाणात दिलीच पाहिजे.

या मांडणीत दया, उपकार, दानधर्म यांना जागाच नाही, हे पाहण्यासारखे आहे. राजरत्न जाऊन दोन वर्षे झाली होती. हाकेच्या अंतरावर दानातून उभे राहिलेले नवे प्रसूतिगृह होते. बाबासाहेबांनी आणखी एक प्रसूतिगृह मागितले नाही. आईला पगारी रजा मागितली. खाट कितीही चांगली असो, तिच्यावर पडून राहण्याचे दिवस बाईच्या हातात नसतील तर ती खाट तिच्या उपयोगाची नाही. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा झाला, देशातला असा पहिला कायदा. रोज आठ आणे, मोजके आठवडे, तेही ठरावीक काळ नोकरी झाली असेल तरच. आज वाचताना ती रक्कम फारच तोकडी वाटते. पण आठ आणे मागताना बाईला कुणाचे आभार मानावे लागत नव्हते.

कायद्याचे सगळेच परिणाम गोड झाले नाहीत. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांचे प्रमाण घटत गेले. त्याला रात्रपाळीची बंदी, यंत्रे बदलणे अशी इतर कारणेही होती. पण प्रसूती लाभ टाळण्यासाठी लग्न झालेल्या बायकांना कामावर न घेणे ही वाटही मालकांनी शोधली. बाबासाहेब खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलावा असे का म्हणत होते, हे इथे कळते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात त्यांनी सुधारणा केल्या. पुढे १९४८ चा कर्मचारी विमा कायदा आणि १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. २०१७ साली रजा २६ आठवडे झाली. आणि घरकाम करणारी, कचरा वेचणारी, ऊसतोड करणारी बाई आजही त्या २६ आठवड्यांच्या बाहेर आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान ६००० रुपयांचा हक्क दिला. योजना आली तेव्हा पहिल्या मुलासाठी ५००० ठरले. हजार रुपये कुठे गेले हे विचारायला कुठलेही मंडळ रस्त्यावर उतरले नाही, आपलेही नाही.

मग आपल्या परंपरेत दानाला स्थानच नाही काय? आहे, आणि मोठे आहे. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीमाई यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवावे. १८८४ साली सक्तीच्या वैधव्याविषयी लिहिताना जोतीरावांनी हिशोब दिला आहे की तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या. पाच मुले जगली, तीस गेली, कारण पोट लपवण्यासाठी त्या बायकांनी आधीच विषारी औषधे घेतली होती. हा हिशोब मला फार प्रामाणिक वाटतो. आजच्या कुठल्या संस्थेच्या अहवालात अपयशाचा आकडा यशाच्या सहा पट मोठा छापून येईल? काशीबाईचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणताना सावित्रीमाई गेल्या. शूद्र मानलेल्या माळ्याच्या घरात, त्याच्या खर्चाने, ब्राह्मण बाईचे बाळंतपण. आधी जात विचारली नाही, नंतर नाव विचारले नाही. पाटी लावली ती जोतीरावांच्या नावाची नव्हती, बाईला वाट दाखवणारी होती.

भगवान बुद्धांच्या काळची विशाखाही आठवते. तिने तथागतांकडे आठ वर मागितले आणि ते सगळे देण्याचे होते. आजारी भिक्खूंना औषध, आजाऱ्यांना अन्न, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही अन्न. प्रत्येक वर का हवा हे तिने कारणासह सांगितले; तिने गरज आधी पाहिली होती. शुश्रूषा करणाऱ्याला अन्न, ही अडीच हजार वर्षांपूर्वीची समज आजही सरकारी रुग्णालयाच्या बाळंतीण वॉर्डाबाहेर वडापाव खाऊन रात्र काढणाऱ्या सासू-आईला मिळालेली नाही.

उलट बाजूचा दानाचा नमुनाही बाबासाहेबांनी सांगून ठेवला आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात हरिजन सेवक संघावर एक पूर्ण प्रकरण आहे आणि त्याच्या शीर्षकातच त्यांनी त्याला राजकीय दानधर्म म्हटले. शाळा, वसतिगृहे, दवाखाने दिले जात होते; कारभारात अस्पृश्यांना जागा नव्हती. घेणाऱ्याला कारभारात आवाज नसेल तर ते दान त्याला दात्याच्या अंकित करते, हा त्यांचा आक्षेप होता. १४ एप्रिलला आपली मंडळे प्रसूती वॉर्डात जाऊन एकेक केळे, एकेक सफरचंद बाळंतिणीच्या हातात ठेवतात, मागे बॅनर धरतात आणि फोटो काढतात, तेव्हा तिची परवानगी घेतात का? पदर सावरायला वेळ देतात का? केळे परत घेतले तर फारसे काही बिघडणार नाही. त्याच दिवशी रक्तदान शिबिर घेतले तर मात्र बिघडलेले काही सावरते. बाळंतपणातल्या मृत्यूंमागे रक्तस्राव हे फार मोठे कारण आहे आणि दिलेल्या बाटलीवर कुणाची जात लिहिलेली नसते.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. महाराष्ट्रात शेकडो मोठी खाजगी रुग्णालये कागदावर धर्मादाय संस्था आहेत. त्या नात्याने त्यांना सवलती मिळतात, कुठे जमीन, कुठे करमाफी. ती सवलत म्हणजे आपण सर्वांनी, तुम्ही काडेपेटीवर भरलेल्या करासकट, त्यांना दिलेले दान आहे. त्याच्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. एकूण खाटांच्या १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. आणि तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे, अनामत रक्कम मागायची नाही.

२०२५ मध्ये पुण्यात एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाने जुळी मुले पोटात असलेल्या गर्भवतीच्या कुटुंबाकडे १० लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. तिला दुसरीकडे न्यावे लागले. मुली जन्मल्या, आई गेली. राज्यभर संताप झाला, चौकशी समित्या बसल्या. ते कुटुंब ओळखीपाळखीचे, शिकलेले होते, म्हणून निदान बातमी झाली. ज्यांच्या वस्तीचे नाव सांगताच रिसेप्शनवरच्या माणसाचा सूर बदलतो, त्यांना अनामत मागितली जात नाही. ‘बेड नाही’ एवढेच सांगितले जाते.

सामाजिक कार्यकर्ता म्हणून मी ज्या बायकांबरोबर अशा रुग्णालयांत गेलो, तिथे बहुतेक वेळा ही योजना त्यांना पहिल्यांदा माझ्याकडूनच कळली. पाटीवर देणगीदारांची नावे ठळक असतात. मोफत खाटांची पाटी असलीच तर जिन्याखाली. म्हणून काही कामे आत्ताच करून ठेवता येतात. वस्तीत सातवा महिना लागलेल्या प्रत्येक बाईच्या घरी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड एका पिशवीत तयार असावे. कळा सुरू झाल्यावर तहसील कचेरीत कोण जाणार? जवळच्या धर्मादाय रुग्णालयांची यादी, त्यांतल्या समाजसेवकाचा टेबल कुठे आहे, धर्मादाय सह आयुक्तांच्या कार्यालयाचा पत्ता विहाराच्या भिंतीवर असावा. खाट नाही म्हटले तर ते लेखी मागावे. निर्धन निधीत गेल्या वर्षी किती जमा झाले आणि किती बाळंतिणींवर खर्च झाले, हे धर्मादाय आयुक्तालयाकडे माहिती अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते.